वाड्यातली दिलजमाई आणि वाड्याबाहेरचा तिसरा माणूस

मराठी छोट्या पडद्यावर जुन्या काळाची कौटुंबिक मालिका सुरू झाली की तिच्यात एक वाडा असतो. चौक, तुळशीवृंदावन, झोपाळा, माजघरातली समई, नऊवारीतल्या बायका, पगडी-उपरण्यातले पुरुष. या वाड्यात भांडण पेटते. सासू सुनेला बोलते, बाप मुलाशी अबोला धरतो, काका पुतण्याच्या जिवावर उठतो. शे-दोनशे भाग हे भांडण चालते आणि मग कोणाच्या तरी आजारपणाच्या, मरणाच्या नाही तर सणाच्या निमित्ताने सर्वांच्या डोळ्यांत पाणी येऊन दिलजमाई होते. घराघरांतून हे पाहिले जाते. आमच्या वस्त्यांतूनही पाहिले जाते. दलित समीक्षेने प्रस्थापित कादंबरीची चिकित्सा केली, नाटकाची केली, ग्रामीण साहित्यातल्या खोट्या गोडव्याची केली. परंतु रोज संध्याकाळी आपल्या माणसांच्या मनावर जे कोरले जाते त्याकडे तिने 'करमणूक' म्हणून पाठ फिरवली. आपल्या आया-बहिणी जे पाहून रडतात ते तपासण्याच्या लायकीचे नाही, असे मानण्यात थोडा पांढरपेशा तोरा आहेच.

लासलगावात बसून या मालिकांचा विचार करणे सोयीचे जाते, कारण त्यांतल्या भांडणांच्या जागा आमच्या आजूबाजूला पसरलेल्या आहेत. गावाच्या उत्तरेला सातमाळ्याची रांग आहे; तिच्यात धोडपचा किल्ला. तेथे १७६८ साली माधवराव पेशव्याने आपला काका राघोबादादा याचा पाडाव करून त्याला कैद केले. त्याच राघोबाचा शेवट १७८३ साली कोपरगावी झाला. मुलाशी बिनसल्यावर माधवरावाची आई गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली. आमचे तालुक्याचे गाव निफाड. महादेव गोविंद रानडे तेथे १८४२ साली जन्मले. आणि पूर्वेला येवला, जेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. यांतल्या पहिल्या दोन घरांवर, पेशव्यांच्या आणि रानड्यांच्या, मालिका झाल्या आणि गाजल्या. येवल्याचा संबंध पुढे येईल.

प्रथम 'स्वामी'. रणजित देसाई यांची ही कादंबरी १९६२ची. ऐंशीच्या दशकात गजानन जागीरदारांनी दूरदर्शनसाठी तिची मालिका केली. रवींद्र मंकणी माधवराव झाले, मृणाल देव रमाबाई. मराठी मध्यमवर्गाने तिच्यावर जीव टाकला. जुन्या काळाकडे ओल्या डोळ्यांनी पाहण्याची जी सवय मराठी प्रेक्षकाला लागली, तिची मुळे शोधायची तर 'स्वामी'पर्यंत जावे लागते.

या कथेचा कणा काका-पुतण्याचे भांडण आहे. १७६१ साली पानिपताच्या पराभवानंतर सोळा वर्षांचा माधवराव गादीवर येतो. कारभार हाती ठेवू पाहणारा काका रुसतो, लढतो, निजामाला जवळ करतो. १७६२ साली आळेगावला पुतण्या काकापुढे नमते घेतो. पुढच्या वर्षी राक्षसभुवनला दोघे मिळून निजामाचा पराभव करतात. पुन्हा बिनसते, काका राज्याची निम्मी वाटणी मागतो, आणि शेवटी धोडप. कादंबरीत हे सारे नायकाच्या मनाच्या जखमेसारखे येते: रक्ताच्या माणसावर शस्त्र धरावे लागले याचे दुःख. ते दुःख खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण वाटणी कशाची मागितली जात होती हा प्रश्न वाचकाच्या मनात येऊ नये, अशी या दुःखाची मांडणी आहे. वाटणी होती महसुलाची, म्हणजे गावांची, म्हणजे गावात राबणाऱ्यांची. तो महसूल राखत तालुक्याच्या ठाण्यापर्यंत चालत जाणारा महार या कथेत एकदाही दिसत नाही. राघोबाला निम्मे मिळाले असते किंवा न मिळाले असते, त्याच्या डोक्यावरचे ओझे तेवढेच राहिले असते.

आता या भांडणाच्या शेवटाकडे पाहू. माधवराव थेऊरला क्षयाने मृत्युशय्येवर पडतो. काकाशी समेट होतो, धाकट्या नारायणरावाला सांभाळण्याची विनवणी काकालाच केली जाते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव जातो, रमाबाई सती जाते आणि कादंबरी संपते. वाचक रडत पुस्तक मिटतो. इतिहास तेथे थांबला नव्हता. नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणरावाला कापून काढले आणि पेशवेपद त्याच काकाकडे गेले. म्हणजे ज्या दिलजमाईवर कादंबरीचा पडदा पडतो ती वर्षभरही टिकली नाही. कथा कोठे थांबवायची हे लेखकाच्या हाती असते, आणि ती जेथे थांबते तेथे लेखकाची मूल्ये उभी असतात. थेऊरला थांबलेली कथा एका जिवंत बाईच्या जळण्याला प्रेमाचा कळस करून ठेवते. या सतीच्या चित्राविषयी मराठी समीक्षा फार हळुवार बोलत आली आहे.

पेशवाईचा वाडा रम्य कोणाला वाटतो? बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन'मध्ये (१९३६) पेशव्यांच्या राज्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, याची नोंद केली आहे. त्याच्या ऐंशी वर्षे आधी, १८५५ साली, 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने सांगून ठेवले आहे की मोठमोठ्या इमारतींच्या पायात आमची माणसे गाडली जात. कलादिग्दर्शक वाड्याच्या तुळया, कोनाडे आणि कमानी हुबेहूब उभ्या करतात. पायाचे दृश्य कोणी लावत नाही.

'स्वामी'मध्ये निदान राज्य होते, मोहिमा होत्या. घर राज्यात गुंतलेले होते. २०१२-१३मध्ये झी मराठीवर आलेल्या 'उंच माझा झोका' या मालिकेपर्यंत येता येता मोहीम गेली आणि घर तेवढे उरले. वीरेंद्र प्रधान दिग्दर्शक. लहानपणची रमा तेजश्री वालावलकरने आणि नंतरची स्पृहा जोशीने केली, विक्रम गायकवाड महादेवराव रानडे झाले. विषय मोलाचा होता. अकरा वर्षांची निरक्षर मुलगी लग्न होऊन येते, नवऱ्याकडून शिकते, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा छळ सोसते आणि पुढे पुण्यात सेवासदनसारखी संस्था उभी करते. शाळकरी मुलींनी ही मालिका आवडीने पाहिली आणि ते चांगलेच झाले. पाटीवर अक्षर गिरवणारी मुलगी ही रोजच्या मालिकेची नायिका होऊ शकते हे त्या मालिकेने दाखवले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

परंतु या कथेत एक असे भांडण आहे की त्याच्यावर सगळी कथा उभी आहे, आणि मालिकेच्या साच्यात नेमके तेच भांडण सर्वांत लवकर मिटते. १८७३च्या ऑक्टोबरात रानड्यांची पहिली पत्नी वारली. रानडे तेव्हा पुण्यात न्यायाधीश होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले मोठे नाव होते. सुधारक स्वतः विधवेशी लग्न करील अशी सर्वांची अपेक्षा होती, आणि वडिलांना भीती होती तीही याचीच. वडिलांनी घाई केली. मुलगा विरोध करून पाहिला आणि शेवटी वडिलांच्या शब्दापुढे नमला. डिसेंबरात एकतीस वर्षांच्या रानड्यांचे लग्न देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या अकरा वर्षांच्या मुलीशी लागले. बाप-लेकाची फाटाफूट टळली, घर एक राहिले.

या समेटाची किंमत कोणी दिली? बापाने दिली नाही. लेकाला लोकनिंदा सोसावी लागली खरी, पण त्याचे पद, मान, घर सर्व शाबूत राहिले. किंमत दिली ती एका बाईने, जिचे नाव कोणालाच ठाऊक नाही, कारण ती वाड्यात कधी आलीच नाही. तिच्याशी रानड्यांचे लग्न व्हायचे होते. आणि थोडी किंमत दिली त्या अकरा वर्षांच्या मुलीनेही. भांडण दोघांचे असते तेव्हा तिसरा कोणी तरी त्याचा खरा विषय असतो. दोघांची दिलजमाई होते ती बहुधा त्या तिसऱ्याला बाहेर ठेवून. जुन्या काळाच्या कौटुंबिक मालिका पाहताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की त्यांची बांधणी उघडी पडते. पडद्यावर कोण रडते आहे यापेक्षा पडद्यावर कोण येऊ शकले नाही हे विचारावे लागते.

रानड्यांच्या घरात जी विधवा येऊ शकली नाही, ती त्याच पुण्यात दुसऱ्या एका घरात येत होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला, तो यशवंत. ज्या १८७३ सालच्या अखेरीस रानडे वडिलांपुढे नमले, त्याच साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. एकाच शहरातली ही दोन घरे. दोघांत वैर होते असे नाही. १८७५ साली दयानंद सरस्वतींच्या मिरवणुकीला संरक्षण हवे तेव्हा फुले रानड्यांच्या बाजूने उभे राहिले होते. तरीही एका घराची दिलजमाई आणि दुसऱ्या घराचा दरवाजा यांत जे अंतर आहे ते एकोणिसाव्या शतकातल्या साऱ्या सुधारणेचे अंतर आहे. मालिकेला हे अंतर दाखवणे अशक्य नव्हते. मात्र त्यासाठी कॅमेरा वाड्याच्या बाहेर काढावा लागला असता.

तो निघाला नाही, म्हणून जुलमाचे कारण घरातच शोधावे लागले. घरात सापडल्या त्या बायका. सून शिकते म्हणून टोमणे मारणाऱ्या, तिचे बोलणे बंद करणाऱ्या बायका. रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकातही या बायका आहेत, आणि त्यांचा जाच रमाबाईंनी लपवलेला नाही. मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत इंग्रजीतून वाचले म्हणून घरी काय ऐकून घ्यावे लागले, पंडिता रमाबाईंच्या सभांना जाण्यावरून घरात काय चालले, हे त्यांनी सांगितले आहे. पण पुस्तक वाचताना असे जाणवते की त्या बायका दुष्ट म्हणून तशा वागत नव्हत्या. शिकलेली सून घराला बाट लावील, घर वाळीत पडेल, मुलींची लग्ने मोडतील ही भीती त्यांच्या बोलण्यामागे होती, आणि ती भीती घालणारी सत्ता घराच्या बाहेर होती. १८९० साली पंचहौद मिशनात चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसह पुण्यातल्या नामवंतांवर ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि अखेर रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. एका पेल्याभर चहाने एवढ्या माणसाला वाकवणारी सत्ता जर उभी होती, तर स्वयंपाकघरातल्या बाईला कशाला दोष द्यायचा? रोजच्या मालिकेला मात्र खलनायिका लागते. वर्णव्यवस्थेला चेहरा नसतो, आतेसासूबाईला असतो. मग सगळा धर्मशास्त्राचा जुलूम एका कपाळावरच्या आठ्यांत गोळा करून ठेवला जातो, आणि त्या आठ्या विरघळल्या की प्रश्न सुटला असे वाटू लागते.

बी. ए.च्या वर्गात रमाबाईंच्या आठवणींवर बोलताना एका मुलीने मला विचारले होते, "सर, त्यांच्याकडं भांडी कोण घासायचं? आणि संडास?" वर्ग हसला. ती हसली नाही, कारण तिची आजी नगरपालिकेत झाडूवाली होती. प्रश्न साधा आहे, आणि वाड्याच्या मालिकांना विचारावा असा पहिला प्रश्न हाच आहे.

आमच्या बायका या मालिका का पाहतात याचे उत्तर आमच्यातले काही कार्यकर्ते फार सोपे देतात: अज्ञान. ते उत्तर मला मान्य नाही. सासुरवास आमच्या बायकांनाही आहे. नवऱ्याचा मार, नणंदेचे बोलणे, मुलगी शिकते म्हणून भावकीचे टोमणे हे सारे आहे. पडद्यावरच्या रमाला पाटी-पेन्सिल मिळते तेव्हा आमच्या बाईचे डोळे भरतात ते तिच्या स्वतःच्या सुटलेल्या शाळेसाठी. हे रडणे खरे आहे. लुबाडणूक होते ती त्या रडण्याला जे उत्तर दिले जाते तेथे. उत्तर असे की नवरा चांगला मिळाला, सोसले, वडीलधाऱ्यांचा मान राखला की एक दिवस घर तुझे होते. ज्या बाईला घरच नाही, किंवा ज्या घराला गावात मान नाही, तिने हे उत्तर घेऊन काय करायचे?

आणि येथे मालिकेच्या पलीकडचा प्रश्न येतो, ज्यासाठी मी हे लिहावयास घेतले. 'हे आपले घरचे भांडण आहे' ही भाषा केवळ मालिकांची नाही. ती अस्पृश्यांच्या संदर्भात राजकारणात वापरली गेलेली भाषा आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आमच्याच जिल्ह्यातले बाप-आजे त्यात लाठ्या खात होते. पाच वर्षे दरवाजा उघडला नाही. मधल्या काळात, १९३२ साली, स्वतंत्र मतदारसंघाला विरोध करताना सांगितले गेले की त्याने हिंदू समाजाचे तुकडे पडतील. म्हणजे घर फुटेल. आमरण उपोषण सुरू झाले, साऱ्या देशाचे डोळे ओले झाले, आणि २४ सप्टेंबरला येरवड्यात करार झाला. राखीव जागांची संख्या वाढली, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. आजारी वडीलधारा, उशाशी जमलेले कुटुंब, हट्ट सोडण्यासाठी धाकट्याची मनधरणी आणि शेवटी अश्रू: हा प्रसंग मालिकेच्या लेखकाने लिहिला असता तर याहून वेगळा लिहिला नसता. किंमत कोणी दिली हे येथेही विचारावेच लागते, आणि येथे तिसरा माणूस वाड्याबाहेर उभा नव्हता. त्याला आत बोलावून त्याच्याकडूनच सही घेतली होती.

तीन वर्षांनी येवल्याला बाबासाहेबांनी या घरातून निघून जाण्याचा निर्णय जाहीर केला. सत्याग्रहाचा पाच वर्षांचा अनुभव त्यामागे होता. 'घर' या शब्दाला जे भुलत नाहीत त्यांनाच ही घोषणा समजते. मालिकेच्या डोळ्यांनी पाहिले तर येवला म्हणजे घर तोडणाऱ्या रागीट धाकट्याचा प्रसंग होईल. प्रेक्षक त्याच्या परतण्याची वाट पाहत बसेल. स्टार प्रवाहवर २०१९-२०मध्ये आलेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' या मालिकेचे आमच्या वस्त्यांनी सणासारखे स्वागत केले. अस्पृश्याचे घर मराठी मालिकेच्या केंद्रस्थानी आले हीच मोठी गोष्ट होती. पण 'गौरवगाथा' हा शब्दच सांगतो की हिचा मार्ग पूजेचा आहे. पूजेत भांडणाला जागा नसते. बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेली एक लहानपणची आठवण आहे: सावत्र आईच्या अंगावर आपल्या मेलेल्या आईचे दागिने दिसले तेव्हा त्यांना राग आला, बापाच्या जिवावर राहायचे नाही असे ठरवून मुंबईच्या गिरणीत काम शोधायला जाण्यासाठी त्यांनी आत्याची पैशाची पिशवी चोरण्याचा प्रयत्न केला. त्या पोराचा राग, आणि पुढे त्याच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकणारा तोच बाप. या दोघांच्या नात्यात जे आहे ते देव्हाऱ्यात मावणारे नाही. ते उलगडायला श्रद्धेहून अधिक धाडस लागते.

ज्या घरात भांडणाचा विषय असलेला तिसरा माणूस आत आला, त्या घराची मालिका टिकली नाही हे आपण नुकतेच पाहिले आहे. सोनी मराठीवरची 'सावित्रीजोती' २०२०च्या जानेवारीत सुरू झाली आणि पुरेसा प्रेक्षक नाही म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात बंद झाली. ओंकार गोवर्धन आणि अश्विनी कासार यांनी मनापासून केलेले काम होते. ती बंद करू नका म्हणून लोकांनी मागणी केली. आमच्यातले बरेच जण ती मागणी करण्यात पुढे आणि मालिका पाहण्यात मागे होते, हेही सांगून टाकलेले बरे. पण मुद्दा वेगळा आहे. फुल्यांच्या घरातली भांडणे वाड्याच्या साच्यात बसत नाहीत. १८४९ साली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. उस्मान शेखांच्या घरी त्यांना आसरा मिळाला. बापाने बोलावले आणि मुलाने शाळा सोडून पाय धरले असे झाले नाही. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ज्या घराचे पाणी महार-मांग भरू लागतात त्या घराला भावकीशी समेट करण्याची वाटच उरत नाही. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा टिटवे कोणी धरायचे यावरून दत्तक यशवंताचा हक्क नाकारणारे नातेवाईक पुढे आले, आणि सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हातात घेतले. मरणाच्या दारातही दिलजमाई झाली नाही. वाड्याच्या मालिकेत मरणाचा प्रसंग समेटासाठी राखून ठेवलेला असतो.

तरी फुल्यांच्या घरात दिलजमाई अगदीच नाही असे नाही. एक आहे, आणि ती मला मराठीतल्या साऱ्या कौटुंबिक समेटांहून मोलाची वाटते. १८५६च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. भाऊ त्यांना म्हणाला की तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी काम करता, म्हणून वाळीत पडलात ते योग्यच झाले. जातीच्या रीतीने वागा. आजारी बहीण, माहेरचे घर, शेजारी बसलेली आई. मालिकेत येथे बहिणीने डोळे पुसून गप्प बसावे. सावित्रीबाईंनी भावाला विचारले की शेळी-गाईला कुरवाळता, नागपंचमीला नागाला दूध पाजता, आणि तुमच्यासारख्याच माणसांना शिवत नाही, याचे कारण सांगा. भावाला कारण सांगता आले नाही. त्याने चूक मान्य केली. आईचे डोळे या दिलजमाईतही भरतात, पण किंमत चुकीच्या बाजूनेच चुकती केली आहे, आणि ओसरीवर नसलेला महार-मांग या संभाषणाचा मध्य आहे. हे पत्र एका भागाची तयार पटकथा आहे.

आता आपल्या घराकडे. आपल्याही घरांत भांडणे आहेत आणि त्यांवर आपण पुरेसे लिहिलेले नाही. दलित आत्मकथनांनी बाहेरचा जुलूम निर्भयपणे सांगितला. घरातला सांगताना हात थोडा आखडला. त्याला अपवाद आहेत. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबुराव बागूल यांच्या 'आई' या कथेत मुलगा आईवर संशय घेतो, वस्ती त्या संशयाला खतपाणी घालते आणि शेवटी तो तिच्यापासून दूर जातो. बागूल त्यांना एकत्र आणत नाहीत. आणले असते तर कथा गोड झाली असती आणि ज्या दारिद्र्याने त्या आईला मुकादमाच्या दारात नेले ते वाचकाला विसरता आले असते. नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) मधला बाप आमच्याच निफाड तालुक्यातल्या ओझरचा. येसकरकी करताना पोलिसाचा हुकूम मोडला, मार खाल्ला आणि बायकोला घेऊन रातोरात मुंबई गाठली. गाव सोडणे हा या घराचा निर्णायक क्षण आहे. वाड्याच्या मालिकेत घराबाहेर पडणे ही शिक्षा असते. येथे ती सुटका आहे.

चळवळीच्या घराविषयीही दोन शब्द. १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष दोनच वर्षांत फुटला. 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' ही नावे जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी अजून आहेत. त्या भांडणात व्यक्तिगत हेवेदावे भरपूर होते. पण एक खरा प्रश्नही होता: जमिनीसाठी रस्त्यावर उतरायचे की कायद्याच्या चौकटीत राहायचे. दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४चे भूमिहीनांचे सत्याग्रह करून आपले उत्तर दिले. पुढे ऐक्याची जी नाटके झाली, एका व्यासपीठावर हात उंचावलेले नेते, खाली रडणारी जनता, त्यांत असा प्रश्न शोधून सापडत नाही. भूमिहीन मजूर त्या व्यासपीठाचा तिसरा माणूस झाला. आपल्या लोकांना ऐक्याचे एवढे वेड का, याचा विचार करताना मला या मालिकांची आठवण होते, आणि ती काही सुखाची आठवण नाही.

आणि वतन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, १९४१ साली सिन्नरला वतनावरच्या जादा कराविरुद्ध परिषद घेतली. वतने अखेर १९५८च्या कायद्याने गेली. वतनी जमीन ठरलेली रक्कम भरून पुन्हा नावावर करून घ्यायची होती. ज्या भावाकडे पैसे होते त्याने भरले, त्याचे नाव सातबाऱ्यावर चढले. जो मुंबईला गिरणीत होता किंवा सैन्यात होता त्याचे राहून गेले. कोणी दीक्षा घेऊन देव नदीत सोडले, कोणी खंडोबाचा टाक गुपचूप जपला, आणि वाटणीच्या भांडणात त्याचाही हिशेब निघाला. आता रस्ता रुंद झाला, बाजार समितीमुळे लासलगावच्या आसपासच्या जमिनीला भाव आला, आणि हाडोळ्याच्या त्या तुकड्यावर तिसऱ्या पिढीतले चुलतभाऊ वकील लावून बसले आहेत. या भांडणात सुष्ट-दुष्ट ठरवणे अवघड आहे. येथेही काका आहे, पुतण्या आहे, निम्म्याची मागणी आहे. फरक एवढाच की जे वाटायचे आहे ते शेकडो वर्षे मेलेली ढोरे ओढून, सरकारी टपाल वाहून आणि गावाच्या वेशीवर रात्र जागून मिळालेले आहे. अशा दोन चुलतभावांना एका बांधावर उभे करून कोणी वीस भाग जरी लिहिले, तरी काकाने मागितलेल्या निम्म्या वाट्याचा अर्थ धोडपच्या पायथ्याशी राहणाऱ्या प्रेक्षकाला पहिल्यांदा कळेल.